अनुभव धागा: मे महिना, मुलं आजोळी, आई-बाबा लांब

मे महिन्यात मुलं कोकणात आजोळी आणि आई-बाबा नोकरीपायी मुंबईत, आखातात किंवा बोटीवर, असं ज्यांच्या घरी दर वर्षी होतं त्यांनी इथे लिहा. काय करता, किती, केव्हा, आणि कुठे चुकतं, एवढंच हवं आहे.

आई, ठाणे
मुलाच्या बॅगेत एक कागद असू द्या: वजन, ॲलर्जी, चालू औषधं, आणि तापाच्या औषधाचं प्रमाण डॉक्टरांकडून तपासून. पॅरासिटामॉल किलोमागे 15 मिलिग्रॅम, म्हणजे 20 किलोच्या मुलाला 300. पाच मिलीत 250 असलेल्या बाटलीतून ते 6 मिली होतं, 125 वालीतून 12 मिली. घोटाळा इथेच होतो. नेलेली बाटली संपते, मामा बाजारातून दुसऱ्या ताकदीची आणतो आणि आजी सवयीने तेवढंच देते. म्हणून दोन्ही आकडे लिहा आणि सोबत सिरिंज द्या. दोन डोसांत किमान 4 तास, चोवीस तासांत चारच डोस.

परतीचं तिकीट राहून जातं. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी सकाळी 8 वाजता उघडतं. मेच्या शेवटच्या आठवड्यासाठी मार्चअखेरीलाच बसायला हवं.

आजी, देवरुख
पहिले दोन-तीन दिवस सकाळी पेजच द्यावी. एक वाटी उकड्या तांदळाला आठ वाट्या पाणी, शीत बोटाने चेपलं की मोडेपर्यंत शिजवायचं, वर मीठ आणि लोणच्याची फोड. शहरातून आलेलं पोर उतरल्या उतरल्या आंबे-फणसावर तुटून पडतं आणि रात्री पोट धरून बसतं. फणस दुपारी, चार-पाच गरे, रात्री नाही. आंबा तासभर पाण्यात ठेवावा आणि देठाकडचा चीक धुऊन मगच हातात द्यावा, नाहीतर ओठांच्या कडेला पुरळ उठतं.

त्याहून वाईट ओली काजूबी. मुलं दगडाने फोडतात, सालातला चीक बोटांना लागतो आणि कातडी भाजल्यासारखी सोलवटून निघते. बी मोठ्यांनीच सोलावी, हाताला आधी खोबरेल चोळून. पोरांना बोंडू खाऊ द्या, बी काढून घ्या.

मामा, राजापूर
विंचू जांभ्या दगडाच्या गडग्यात, रचलेल्या चिऱ्यांत, लाकडांच्या ढिगात असतो. चप्पल आणि अंथरूण झटकायची सवय पहिल्याच दिवशी लावा. चावल्यावर मुलाला दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, यातलं काही दिसलं तर उतारा-मंत्र करत बसू नका, लगेच दवाखाना. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला. ते औषध वेळेत मिळणं महत्त्वाचं. जवळच्या आरोग्य केंद्रात ते आणि सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन आहे का, हे मुलं यायच्या आधी जाऊन विचारायचं. साप चावला तर बांधू नका, कापू नका, चोखू नका. अवयव हलू न देता उचलून न्या आणि 108 ला फोन करा.

विहिरीला कठडा नसेल तर तिकडे एकट्याने जायचं नाही. या एका गोष्टीत लाड नाहीत.

बोटीवरच्या माणसाची बायको, मालवण
फोन झोपायच्या वेळी नको. दिवसभर खेळलेलं पोर अंधार पडला की हळवं होतं, आणि त्यातच बाबांचा आवाज कानावर आला की अर्धी रात्र रडण्यात जाते. संध्याकाळी साडेपाच-सहा, दिवेलागणीच्या आधी, हात-पाय धुऊन ओटीवर बसलेलं असताना बरं. तेव्हा दुबईत चार-साडेचार वाजलेले असतात. बोटीवर नेट मिळेल तेव्हाच मिळतं, म्हणून ठरलेल्या वेळेचं वचन देऊ नका. आवाजी निरोप पाठवा, तो पोर हवा तेवढ्या वेळा ऐकतं. "आठवण येते का?" हे विचारूच नये. "वासरू आज किती दूध प्यालं? विहिरीत किती पायऱ्या दिसतायत?" असं विचारा, मग ते बोलत सुटतं.

मोठी काकू, चिपळूण
चार पोरं तीन आठवडे, आणि रांधणारी सत्तरीची बाई, हा हिशेब आई-बाबांनी आधी करावा. पैसे पुढे केले तर आजी घेणार नाही. त्याऐवजी भांड्यांना महिनाभर बाई लावून तिचे पैसे तुम्ही परस्पर द्या, दुसरा सिलिंडर एप्रिलातच भरून ठेवा, आणि तेल, साखर, चहापूड बरोबरच घेऊन जा. अंथरुणं-पांघरुणं मोजून घ्या. दर वर्षी दोन कमी पडतात.