आडवाटेवरची यादवकालीन देवळं: काय, कसं, कधी बघावं?

वेरूळला वाटाडे मिळतात. टाहाकारी, झोडगे, बलसाणे अशा आडगावांतल्या देवळांत आपणच आपले वाटाडे. तिथे नेमकं काय आणि कसं पाहायचं, ते जाणकारांनी सांगावं.

———

आधी उन्हाचं बघा. मूर्तीवर ऊन तिरपं पडलं तरच नाकडोळे उठतात. पूर्वाभिमुख देवळाची पुढची बाजू सकाळी, मागची भिंत दुपारनंतर. दक्षिण भिंतीला हिवाळ्यात जवळजवळ दिवसभर ऊन. अडतं ते उत्तर भिंतीवर, कारण दिवाळी ते होळी तिथे थेट ऊन येतच नाही. मे महिन्यात सकाळी सात-आठला ते भिंतीला घासून येतं, तीच वेळ साधा. सभामंडपात टॉर्च समोरून मारू नका, शिल्प सपाट दिसतं. एकाने बाजूला उभं राहून प्रकाश टाकायचा, दुसऱ्याने बघायचं.

———

विष्णुमूर्ती दिसली की आयुधं मोजा. मूर्तीचा खालचा उजवा हात (आपल्या डावीकडचा) पहिला, मग वरचा उजवा, वरचा डावा, खालचा डावा. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला तर केशव. क्रम बदलला की नाव बदलतं, अशी चोवीस रूपं. एक हात तुटलेला असला तरी अडत नाही, चौथं आयुध उरलेल्या तिन्हींवरून कळतं. दोन तुटले की दोन शक्यता उरतात. तिथे नाव ठोकून देऊ नये.

आणि गर्भगृहाच्या दारावर, ललाटबिंबावर (चौकटीच्या वरच्या पट्टीच्या मधोमध) गणपती आहे म्हणून देऊळ शंकराचं ठरत नाही. विष्णूच्या देवळांतही तो असतो.

———

टाहाकारीला (ता. अकोले, आढळा नदीकाठी) एका मंडपाला तीन गर्भगृहं आहेत. घाईत लोक मधल्या देवीचं दर्शन घेऊन निघतात. बाहेरून फेरी मारा, सुरसुंदरी (भिंतीवर कोरलेल्या देखण्या स्त्रिया) तिथे आहेत. कोणत्याही देवळात त्यांची ओळख हातातल्या वस्तूवरून पटते: आरसा असेल तर दर्पणा, लिहीत असेल तर पत्रलेखिका. न्हाऊन केस पिळणारी असेल तर पायाशी वाका. केसांतून गळणारे थेंब चोचीत झेलणारा हंस तिथे कोरलेला असतो. तळहाताएवढा असल्याने उभ्याने बघणाऱ्याच्या नजरेतून हमखास सुटतो.

———

यवतजवळच्या (जि. पुणे) भुलेश्वराच्या देवळाला आत बराच अंधार, टॉर्च हवाच. स्त्रीरूपातला गणपती, म्हणजे वैनायकी, नजरेच्या बरीच वर आहे. मान वर करून पट्टा शोधा.

———

सगळ्यांनाच ‘हेमाडपंती’ म्हणू नका. ज्याच्यावरून हे नाव पडलं तो यादवांचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. तशाच बांधणीच्या अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखात शके 982, म्हणजे इ. स. 1060. म्हणजे चुन्याशिवाय खाचेत दगड बसवायची रीत हेमाद्रीच्या निदान दोनशे वर्षं आधीची आहे.

———

आवारातले वीरगळ (वीरांच्या स्मरणार्थ उभ्या केलेल्या कोरीव शिळा) खालून वर वाचायचे: तळाला लढाई किंवा गाईंसाठी पडलेला वीर, मग त्याला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपूजा, शेंड्याला चंद्रसूर्य.

एक कळकळीची विनंती. शिल्पावर ऑइलपेंट किंवा शेंदराचा थर असेल तर नाणं, तारेचा ब्रश, ॲसिड काहीही लावू नका. रंगाबरोबर दगडाचा पापुद्रा सुटतो आणि बोटं, दागिने कायमचे जातात. गावकरी सिमेंटने सांधे भरणार असतील तर तेही थांबवायचा प्रयत्न करा. ओल आत कोंडते आणि शेजारचा जुना दगड फुटायला लागतो.