पसरणी घाटात काटा चढतो: थर्मोस्टॅट काढण्याआधी

हायवेला इंजिनच्या तापमानाचा काटा मध्यावर आणि वाईहून पसरणी घाट चढताना लालकडे, आणि मेकॅनिक म्हणतो थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाका, असं असेल तर आधी फॅन बघा. ८०च्या वेगात समोरचा वाराच रेडिएटर गार करतो. घाटात दुसऱ्या गिअरवर सगळी भिस्त फॅनवर. गाडी उभी करून इंजिन चालू ठेवा, एसी लावा. फॅन फिरला नाही तर फ्यूज, रिले (फॅनला वीज सोडणारा स्विच), मग मोटर, याच क्रमाने. फिरला तर एसी कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत टॉर्च मारा. उसाच्या ट्रॉल्यांमागून धावणाऱ्या गाड्यांत तिथे धूळ, पाचटाचा चुरा आणि किडे यांचा थर बसलेला असतो. पाणी इंजिनच्या बाजूने, साध्या पाइपने मारा; प्रेशर गनने बारीक पत्र्या वाकतात.

'थर्मोस्टॅट काढून टाका' हा तुमच्या मेकॅनिकचा सल्ला मात्र ऐकू नका. तो काढला तर हायवेला इंजिन नीट तापत नाही, ॲव्हरेज पडतं, दुखणं तसंच राहतं. शंका असेल तर थर्मोस्टॅट पातेल्यात पाण्याबरोबर तापवा. बहुतेक ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतात, आकडा त्यावरच छापलेला असतो. उकळी फुटली तरी मिटलेलाच राहिला तर नवा टाका.

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. बोअरचं पाणी नको, आत क्षार धरतो. रेडीमिक्स (आधीच पाणी मिसळलेला) डबा असेल तर पाणी अजिबात नाही.

घाटातच काटा चढला तर एसी बंद, हीटर फुल्ल (तो इंजिनची उष्णता ओढतो), काचा खाली. उकडेल, पण इलाज नाही.