मदत हवी आहे: सरकारी ऑफिसात व्हीलचेअर वर जात नाही, तक्रार कुठे करायची?

नमस्कार मंडळी, मी नाशिकचा, सातपूरला राहतो. माझी मोठी बहीण पोलिओमुळे लहानपणापासून व्हीलचेअरवर आहे, यूडीआयडी कार्ड (सरकारचं दिव्यांग ओळखपत्र) पण आहे. मागच्या आठवड्यात तिच्या दाखल्यासाठी एका सरकारी ऑफिसात गेलो तर काम पहिल्या मजल्यावर आणि लिफ्टच नाही. रॅम्प आहे म्हणायला, पण ओटा दोन फूट उंच आणि रॅम्प जेमतेम सहा फूट (नंतर जाऊन टेपने मोजला), खुर्ची ढकलली की मागेच येते, कसंबसं वर गेलं तर दारात परत एक पायरी, आणि खाली रॅम्पच्या तोंडाशीच मोटरसायकली लावलेल्या. शिपाई म्हणाला, उचलून आणा ना, दोघं जण पुरतील. ताईचा चेहराच उतरला. एमकॉम झालेली बाई आहे, घरून चार दुकानांचे हिशोब बघते, तिला भर ऑफिसात पोत्यासारखं उचलून न्यायचं का? शेवटी एक क्लार्क मॅडम स्वतः खाली येऊन सही घेऊन गेल्या, त्यांचे खरंच आभार, पण पुढच्या वेळी त्या रजेवर असल्या तर काय?

याला काही कायदा आहे का, तक्रार कोणाकडे करायची, आणि ताईची फाईल तिथेच पडलीये तर त्याचा त्रास तर होणार नाही ना?

प्रतिसाद:
दादा, कायदा आहे आणि चांगला कडक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016, कलम 45. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम आल्यापासून 5 वर्षं दिली होती, नियम आले जून 2017 मध्ये, म्हणजे मुदत 2022 लाच संपली. रॅम्पचा उतार 1:12 लागतो, दोन फुटाला चोवीस फूट, तुमचा सहा फुटांचा म्हणजे घसरगुंडीच. नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय की हे निकष नुसत्या शिफारशी म्हणून ठेवून चालणार नाही, बंधनकारक पाहिजेत.

तक्रार लेखीच करा. अर्ज त्या ऑफिसच्या प्रमुखाच्या नावे द्या, टेप लावून काढलेले फोटो जोडा, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय हलू नका, तोंडी बोलण्याला तिथे काही किंमत नसते. तिथे समाधान झालं नाही तर पुण्याला दिव्यांग आयुक्त आहेतच. फाईलची भीती मलाही होती, पण पोच हातात असली की उलट आपलं काम अडवणं त्यांनाच जड जातं.

मूळ धागाकर्ता:
खूप आभार, सोमवारीच जातो. अर्ज माझ्या नावाने चालेल का?

प्रतिसाद:
ताईंच्याच नावाने द्या आणि सही पण त्यांचीच. त्यांना सोबत न्या, अधिकाऱ्याला खाली येऊन अर्ज घ्यायला सांगा, आणि अधिकाऱ्याला खाली यावं लागलं हेही अर्जात लिहा.