अंडाशयाचे प्रत्यारोपण आणि मेलाटोनिन

प्रश्न (कृष्णाकाठ, सांगली):
माझ्या धाकट्या बहिणीला हॉजकिन लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कर्करोग) झाला असून केमोथेरपी लवकरच सुरू होईल. तिला पुढे मूल होण्याची शक्यता टिकावी म्हणून त्याआधी अंडाशयाच्या बाहेरच्या थराचे पट्टे काढून गोठवावेत आणि ती बरी झाल्यावर पुन्हा बसवावेत, असे डॉक्टरांनी सुचवले आहे. झोपेसाठी घेतात त्या मेलाटोनिनमुळे असे प्रत्यारोपण चांगले टिकते, असे वाचनात आले. तिने या गोळ्या आतापासूनच घ्याव्यात का?

उत्तर (स्त्रीरोगतज्ज्ञ, मिरज):
आपण वाचलेले निराधार नाही, परंतु गोळ्या आता सुरू करू नयेत. पट्टा परत बसवताना त्याच्या रक्तवाहिन्या जोडलेल्या नसतात. आजूबाजूच्या केशवाहिन्या आत शिरेपर्यंत साधारण पाच दिवस तो प्राणवायूवाचून राहतो, आणि रक्त पोहोचू लागल्यावर मुक्त मूलकांचा (पेशींना इजा करणाऱ्या अतिक्रियाशील रेणूंचा) मारा सुरू होतो. या काळात निम्म्याहून अधिक फॉलिकल्स (अंडपेशी असलेल्या सूक्ष्म पिशव्या) नष्ट होऊ शकतात, आणि ती पुन्हा तयार होत नाहीत. मेलाटोनिन ही मूलके थेट निष्प्रभ करते व पेशींची स्वतःची संरक्षक विकरेही (एन्झाइम्स) वाढवते, म्हणूनच उंदरांवरील प्रयोगांत ते दिल्यावर अधिक फॉलिकल्स जगलेली आढळली. स्त्रियांमध्ये त्यामुळे मूल होण्याची शक्यता वाढते, हे मात्र सिद्ध झालेले नाही. शिवाय हा धोका पट्टे परत बसवताना, म्हणजे कदाचित काही वर्षांनी येणार आहे. आज घेतलेल्या गोळीचा तेव्हा उपयोग नाही. गोठवलेल्या पट्ट्यांच्या प्रत्यारोपणानंतरचे पहिले बाळ २००४ मध्ये बेल्जियममध्ये जन्मले आणि त्यानंतर शेकडो जन्मली, हे बहिणीला अवश्य सांगा.

उत्तर (पशुवैद्यक, शिरवळ):
मेंढीचे अंडाशय रचनेने माणसाच्या अंडाशयाशी बरेच जुळते, त्यामुळे या पद्धतीची पायाभरणी १९९४ च्या सुमारास मेंढ्यांवरच झाली. थंड प्रदेशांत मेंढ्यांचा माजाचा हंगाम अलीकडे आणण्यासाठी त्यांच्या कातडीखाली मेलाटोनिन बसवतात. प्रजननाच्या संप्रेरकांवर इतका परिणाम करणाऱ्या द्रव्याला केवळ झोपेची गोळी समजू नये, असे मला मनापासून वाटते.

कृष्णाकाठ, सांगली:
दोघांचेही आभार. पट्ट्यांबरोबर कर्करोगाच्या पेशी परत जाण्याची भीती असते का?

स्त्रीरोगतज्ज्ञ, मिरज:
ती भीती रक्ताच्या कर्करोगात मोठी असते, हॉजकिनमध्ये बरीच कमी. तरीही पट्ट्याचा एक तुकडा पॅथॉलॉजी तपासणीला पाठवला जाईल ना, हे शस्त्रक्रियेपूर्वीच विचारून घ्या.