मदत हवी आहे: ग्रीक अक्षरं शिकतेय, पण उच्चार नेमका कुठला धरायचा?

नमस्कार मंडळी,

मी कल्याणची, प्राचीन भारतीय इतिहासात एमए करतेय. पेरिप्लस म्हणून पहिल्या शतकातलं ग्रीक भाषेतलं समुद्रप्रवासाचं टिपण आहे, त्यात आपलं कल्याण कल्लिएना म्हणून येतं, सोपारा सुप्पारा, चौल सेमुल्ला, पैठण पैथाना आणि तेर तगरा. आतापर्यंत हे सगळं इंग्रजी भाषांतरातच वाचलं होतं. माझ्या गावाचं नाव दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ज्या अक्षरांत लिहिलं त्याच अक्षरांत मला ते वाचायचंय, म्हणून गेल्या महिन्यात ग्रीक मुळाक्षरं घ्यायला बसले.

अक्षरं २४च आहेत, रोज चार करत आठवड्यात झाली. गोंधळ होतो तो इंग्रजीच्या सवयीमुळे, म्हणजे मोठं पी दिसतं तो र, एक्स दिसतो तो ख, छोटं व्ही दिसतं तो न, आणि छोटा सिग्मा शब्दाच्या शेवटी आला की वेगळाच काढायचा. ते लिहून लिहून जमतंय. अडलंय ते उच्चारापाशी. व्हिडिओत शिकवणाऱ्या अथेन्सच्या बाई बीटाला व्हिता म्हणतात, एटाला ईता, आणि एटा, आयोटा, उप्सिलॉन तिन्ही त्यांच्या तोंडी नुसता इ. माझ्याकडच्या पुस्तकात मात्र बीटा म्हणजे ब, एटा म्हणजे लांब ए आणि उप्सिलॉन अजून तिसरंच काहीतरी. एक पाठ करावं तर दुसरं चुकतं.

त्यात अजून एक. नहपान या पश्चिम भारतातल्या जुन्या राजाच्या चांदीच्या नाण्यांवर त्याच्या चेहऱ्याभोवती ग्रीक अक्षरं असतात, १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला हजारोंनी सापडली तीच नाणी. मी फोटो मोठा करून एकेक अक्षर लावत बसले तर नहपान या नावात ह च्या जागी चक्क एटा आहे! ए किंवा ई वाचलं तर नावच होत नाही. माझं काय चुकतंय?

कल्लिएना

*

ताई, मी जहाजावर असतो, अथेन्सच्या पिरेअस बंदराला बरेचदा लागतो. व्हिडिओतल्या बाई बरोबरच आहेत, आज तिथे असंच बोलतात. बीटाचा व, डेल्टा म्हणजे जीभ दातात धरून मऊ ध, फाय म्हणजे ओठ दातावर घासून फ. इ लिहायच्या सहा तऱ्हा आहेत, तीन सुटी अक्षरं आणि तीन जोड्या. मग ब कसा लिहितात तर म आणि प शेजारी ठेवून, न आणि त मिळून द. दुकानांच्या पाट्या वाचत फिरायचं, त्यानेच मला वाचता यायला लागलं. तिथे जायचं असेल तर हेच शिका.

दर्यावर्दी

*

कल्लिएना, दर्यावर्दी सांगतायत ते आजच्या बोलीचं, पण तुला वाचायचंय जुनं, तेव्हा तू जुना उच्चार धर असं मी म्हणेन. आणि त्यासाठी आपल्याला इंग्रजी पुस्तकाची गरजच नाही गं! प-फ, त-थ, क-ख हा फरक आपल्या तोंडात लहानपणापासून आहे. जुन्या ग्रीकमध्ये पाय आणि फाय, टाऊ आणि थीटा, कप्पा आणि खी या तशाच जोड्या होत्या, अल्पप्राण महाप्राण. इंग्रजी माणसाला ते अवघड जातं म्हणून त्यांच्या वर्गात फाय चा एफ होतो. तू फळातला फ म्हण, फक्त आजकाल बरेच जण फळ पण एफ सारखं म्हणतात तसं नको, ओठ मिटून आजी म्हणायची तसा.

पैठणचंच बघ. प्राकृतात ठ होता, ग्रीकांकडे ट-ठ नाहीत, त्यांनी थीटा वापरला, म्हणजे ऐकणाऱ्याला तो महाप्राण ऐकू आला. भरुकच्छाचं, म्हणजे आजच्या भरूचचं, बारुगाझा झालं कारण घ, ध, भ त्यांच्याकडे नव्हतेच. सुप्पारातला उ ओमिक्रॉन आणि उप्सिलॉन जोडून लिहितात, कारण सुट्या उप्सिलॉनचा उच्चार अथेन्समध्ये उ करता करता ई म्हटल्यासारखा झाला होता, ओठ गोल ठेवून ई म्हणून बघ.

बीटा-एटाचा जुना पुरावा तर मला फार आवडतो. क्रातिनॉस नावाच्या अथेन्सच्या नाटककाराने मेंढीचा आवाज बीटा एटा, बीटा एटा असा लिहिलाय. आजच्या पद्धतीने तो होतो वी वी. कुठली मेंढी वी वी करते? बें बें च करते.

शब्दवेडी

*

नाण्याचं उत्तर माझ्याकडून. तुझं काही चुकत नाहीये. एटाचं चिन्ह मुळात ह साठीच होतं. पूर्वेकडच्या आयोनियातल्या लोकांच्या बोलीतून ह गळाला तेव्हा रिकामं झालेलं अक्षर त्यांनी लांब ए ला दिलं, आणि अथेन्सने इ.स.पू. ४०३ मध्ये ती आयोनियन अक्षरं अधिकृत केली. रोमन लोकांनी मात्र जुना ह ठेवला, तोच आपला एच. नहपानाच्या काळात रोमन माल आणि नाणी पश्चिम किनाऱ्यावर येत होतीच, तेव्हा टाकसाळीतला ह तिकडून आला असं मानतात. त्याच नाण्यांवर सिग्मा पण इंग्रजी सी सारखा गोल आहे बघ, तो सी म्हणून वाचू नकोस. आणि छापील जुन्या ग्रीकमध्ये सुरुवातीच्या स्वरावर उलटा स्वल्पविराम दिसला की तिथे ह म्हणायचा. आजच्या ग्रीकमध्ये ती खूण नाही, १९८२ मध्ये काढून टाकली.

मोडीवाला

*

खूप खूप आभार तिघांचे! काल रात्री परत फोटो घेऊन बसले, एटाला ह धरलं, गोल सी ला स धरलं आणि न-ह-पा-न-स सरळ वाचता आलं. आईला उठवून दाखवलं. आता पेरिप्लसमधला कल्याणचा उतारा समोर आहे, त्यात गॅमा लागोपाठ दोनदा येतो असे शब्द भेटतायत, तो ग्ग म्हणायचा का?

कल्लिएना

*

नाही, पहिला गॅमा ङ. गंगेतला अनुस्वार म्हणतेस ना, अगदी तोच.

शब्दवेडी