मदत हवी आहे: रोजच्या वापरातील गाडीचे वजन कुठून आणि कितपत कमी करावे?

नमस्कार. माझी गाडी पेट्रोलवर चालणारी, फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅक असून तिचे वजन साधारण 1000 किलो आहे. इंजिनाला हात न लावता, केवळ वजन उतरवून तिचा पिकअप, ब्रेकिंग आणि वळणावरची चपळता सुधारावी असा विचार आहे. मात्र हीच गाडी रोज वापरायची असल्यामुळे एसी, एअरबॅग आणि दारांमधील संरक्षक पट्ट्या यांना मी हात लावणार नाही. मायलेज हा मुख्य हेतू नाही, कारण मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना हवेचा विरोधच भारी पडतो.

डिकीतील पसारा काढून झाला आहे. स्टेपनी, जॅक आणि पाना काढल्यास 15 किलोच्या आसपास फरक पडेल, पण पंक्चर किट लहानशा भोकापुरतेच उपयोगी असते. टायर बाजूने फाटला तर गाडी तिथेच उभी राहणार. हा धोका पत्करायचा की नाही, हे माझे मीच ठरवीन.

माझी खरी अडचण मागच्या सीटची आहे. ती काढायला सोपी आणि वजनालाही बऱ्यापैकी असते, म्हणून बहुतेक जण तिच्यापासूनच सुरुवात सुचवतात. परंतु अशा गाडीत निम्म्याहून बरेच अधिक वजन आधीच पुढच्या चाकांवर असते, आणि केवळ मागूनच 30-40 किलो उतरवले तर हा तोल आणखी पुढे झुकेल, जोरात ब्रेक दाबताना मागची चाके आताहून हलकी होतील, आणि मूळ वजनासाठी बनवलेल्या मागच्या स्प्रिंग खड्ड्यांवर अधिक कडक वाटतील. शिवाय जोराचा ब्रेक लागला किंवा धडक झाली, तर डिकीतील सामान पुढे येण्यापासून रोखणारी सीटची पाठही उरणार नाही.

त्यामुळे पुढचे आणि चाकांचे वजन आधी कमी करावे, असे वाटते. हलक्या चाकांमुळे सस्पेन्शनच्या स्प्रिंगने न पेललेला भार (म्हणजे चाके, टायर, ब्रेक यांचे वजन) घटतो, आणि वेग घेताना चाके फिरवायलाही इंजिनाला कमी जोर लागतो. पण फार हलकी, स्वस्त ओतीव चाके खड्ड्यात तडकतील अशी भीती आहे. लिथियम बॅटरीचे वजन नेहमीच्या बॅटरीच्या निम्म्याहून कमी असते, तरी शून्य अंशाखालच्या थंडीत ती चार्ज करणे तिला मानवत नाही. गाडीच्या फरशीवरचे, आवाज दाबणारे डांबरी थर खरवडण्याचा विचार मी सोडला आहे, कारण टायरचा अखंड घुमणारा आवाज रोज सोसण्याइतका तो लाभ मोठा नाही.

ज्यांनी रोजच्या गाडीची मागची सीट प्रत्यक्ष काढली आहे, त्यांनी कृपया सांगावे: ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना गाडीच्या मागच्या भागात फरक जाणवला का, आणि मागच्या स्प्रिंग व शॉक ॲब्सॉर्बर बदलावे लागले का? तसेच आधी केवळ चाके बदलली, तर फरक स्टिअरिंगवर जाणवण्याइतका असतो का?