युटाच्या वाळवंटातला धबधबा: लोअर काफ क्रीकला ६८ वर्षांच्या बाबांना नेता येईल का?

नमस्कार. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही ब्राइस कॅन्यनला जातोय: मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि माझे बाबा. ब्राइस बघून झालं की एक दिवस लोअर काफ क्रीक फॉल्ससाठी राखून ठेवलाय. इथलं कुणी जाऊन आलंय का?

बाबांची सगळी नोकरी विहिरी आणि बोअरवेलसाठी पाणी शोधण्यात गेली. वाळवंटात १२६ फुटांवरून बारमाही पाणी पडतं हे कळल्यापासून त्यांना दुसरं काही सुचत नाहीये. तिथला नवाहो वालुकाश्म पावसाचं आणि बर्फाचं पाणी मुरवून ठेवतो, मग ते झऱ्यांवाटे ओढ्यात उतरतं, हे त्यांनीच मला कागदावर काढून समजावलं. कड्यातून ओल नेमकी कुठे सुटते ते त्यांना डोळ्यांनी बघायचंय.

(आधी ॲरिझोनातल्या हवासू फॉल्सचं मनात होतं. पण तिथे एका दिवसात जाऊन यायला परवानगी नाही, मुक्कामाचं आरक्षण लागतं आणि नुसतं सुपाई गाव गाठायलाच आठ मैल चालायचं. तो विचार सोडला.)

काफ क्रीकची वाट जाऊन-येऊन साधारण सहा मैलांची. चढ फार नाही, त्रास वाळूचा आहे असं वाचलं. बाबांचा उजवा गुडघा दुखरा आहे. पक्क्या रस्त्यावर ते चार मैल आरामात चालतात. गेले तीन आठवडे घराजवळच्या व्हॉलीबॉलच्या मैदानात, वाळूत चकरा मारताहेत. पहिल्या दिवशी वीस मिनिटांत पोटऱ्या भरून आल्या. आता पाऊण तास जमतं, पण घरी आल्यावर गुडघ्याला बर्फ लावून बसावं लागतं.

म्हणून मुख्य प्रश्न: सलग वाळू किती लागते, आणि ती वाटेच्या कुठल्या भागात? मध्ये टेकायला सावलीची जागा आहे का? नाहीच झेपलं, तर पलीकडच्या कड्यावरची फ्रीमाँट या प्राचीन आदिवासी लोकांची लाल चित्रं जिथून दिसतात तिथपर्यंत जाऊन परतलं तर जाण्याचं सार्थक होईल का? तिथून झऱ्यांची ओल दिसत असेल तर बाबा तेवढ्यावरही खूश होतील.

दुसरी काळजी अचानक येणाऱ्या पुराची. तो पावसाळी वादळांचा काळ आहे, त्यामुळे अंदाज वाईट असला तर आम्ही जाणारच नाही. पण आकाश स्वच्छ असताना सकाळी किती वाजता सुरुवात केलीत? वाहनतळ लहान आहे म्हणतात. पाणी माणशी चार लिटर नेतोय.

त्यांना गाडीत बसवून आम्ही तिघांनी जाऊन यावं, हा सल्ला कृपया नको. ही सहल त्यांच्यासाठीच आहे.

जवळच्या एस्कलांटे गावातली आमची खोली येत्या बुधवारपर्यंत रद्द करता येते. त्याआधी कुणी अनुभव लिहिला तर फार मदत होईल.